पाचवी आज्ञा आणि कुर्बानाची सबब

पाठाचे उतारे : निर्गम २०:१२, मार्क ७:१-१३, इफिसकरांस पत्र ६:१-४, १ तीमथ्य ५:४-८.



आईबापांचा मान राखावा हे कोणास ठाऊक नाही? शब्बाथशाळेतील लहान मूलदेखील पाचवी आज्ञा तोंडपाठ म्हणून दाखविते. आपल्या महाराष्ट्रात तर ही गोष्ट मंडळीबाहेरच्या लोकांसही नव्याने शिकवावी लागत नाही. आईबापांची सेवा चालली असता देव दाराशी आला, आणि पुंडलिकाने सेवा न सोडता त्याला उभे राहण्यास वीट फेकून दिली, ही पंढरपूरची आख्यायिका वारकऱ्यांच्या घरोघरी मुलांस सांगतात. मग ह्या विषयावर आणखी एक पाठ कशाला, असे एखादा वाचक म्हणेल.

कारण असे आहे. मुलगा ख्रिस्ती होतो. उपासनेस नियमाने जातो, गीते गातो, प्रार्थनाही चांगली करितो. पण गावाच्या दुसऱ्या टोकास त्याची म्हातारी आई एकटी राहते, आणि तिच्या दाराकडे तो फिरकत नाही. ती कोणाकडे तक्रार घेऊन जात नाही. पाणी भरता भरता शेजारणीला एवढेच म्हणते, "लेक देवाचा झाला म्हणतात, माझा मात्र राहिला नाही." ज्या गावात हे वाक्य बोलले गेले, त्या गावात आपला उपदेशक चावडीपुढे तासभर उभा राहून बोलला, तरी त्याचे कोण ऐकणार? आणि गावाने ऐकले नाही हे एक वेळ सोडून देऊ. परंतु हे वाक्य देवाच्या कानी गेले असेल, तर त्या मुलाच्या प्रार्थनेचे काय होणार, हा विचार आपण केला पाहिजे.

१. ही आज्ञा कोणास दिली?

पाचवी आज्ञा लेकरांसाठी आहे, असे आपण पुष्कळ वेळा समजतो. मूल ऐकत नसले म्हणजे आई त्याला ती आज्ञा ऐकविते, आणि मूल मोठे झाले की आज्ञा संपली असे वाटते. परंतु सीनाय पर्वतापाशी जे लोक उभे होते, ते मिसरातून गुलामगिरी सोडून आलेले बायकापुरुष होते. मूर्ती करू नका, खून करू नका, व्यभिचार करू नका, शेजाऱ्याच्या घराचा लोभ धरू नका, ह्या आज्ञा मुख्यतः जाणत्या माणसांस लागू पडतात; आणि त्यांच्याच मध्ये ही आज्ञा आहे. तेव्हा ज्यांच्या डोक्याचे केस पिकू लागले, पण ज्यांचे आईबाप अजून जिवंत आहेत, अशांसही ती तितक्याच नेटाने लागू आहे.

तेथील शब्दही पाहा. 'मान राख' ह्यासाठी इब्री भाषेत 'कब्बेद' हा शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ वजन देणे, भारी मानणे असा होतो. देवाच्या गौरवाचा शब्दही त्याच धातूपासून झाला आहे. म्हणजे घरात ज्यांच्या शब्दाला वजन नाही, ज्यांना विचारल्यावाचून सर्व काही ठरते, ज्यांचे असणे नसणे सारखेच झाले आहे, अशा आईबापांस भाकरी मिळत असली तरी मान मिळत नाही. आणखी एक बारीक गोष्ट अशी की निर्गमात बापाचे नाव आधी आहे, परंतु लेवीय १९:३ येथे आईचे नाव आधी घातले आहे. बापाच्या हाती जमीन व अधिकार असतो म्हणून लोक त्याला भितात, आणि आईला गृहीत धरितात. असे कोणी करू नये म्हणूनच जणू शास्त्राने दोघांस सारखे तोलून धरिले आहे.

२. कुर्बान म्हणजे काय?

आता मार्काचा सातवा अध्याय उघडा. परूशी व यरुशलेमेहून आलेले शास्त्री प्रभूकडे एक तक्रार घेऊन आले. त्याचे काही शिष्य हात धुतल्यावाचून जेवतात, वडिलांचा संप्रदाय मोडितात, अशी ती तक्रार होती. प्रभूने त्यांना उलट पाचव्या आज्ञेविषयी विचारिले. त्या लोकांत एक रीत होती. जे आईबापांच्या उपयोगी पडावयाचे, ते कोणी 'कुर्बान' म्हणजे देवाला अर्पण केलेले आहे असे म्हटले, म्हणजे त्यावर आईबापांचा काही हक्क राहत नसे. पुढे त्या मनुष्यास आपली चूक कळून आली, तरी शास्त्री त्याला आईबापांसाठी काही करू देत नसत. अशा रीतीने तुम्ही देवाचे वचन रद्द करिता, असे प्रभूने त्यांना स्पष्ट सांगितले.

ह्यातील खरे पाप नीट ओळखले पाहिजे. तो मुलगा दारूड्या नव्हता, जुगारी नव्हता. तो धार्मिक होता. त्याने आईबापांस टाकिले ते देवाचे नाव पुढे करून. साधा कृतघ्न मुलगा निदान मनात तरी लाजतो. पण कुर्बान म्हणणाऱ्याला लाजही वाटत नाही, उलट पुण्य केले असे वाटते. म्हणून प्रभूचे शब्द इतके तीव्र आहेत.

आपल्यात मंदिरास धन वाहून टाकण्याची ती रीत नाही. परंतु कुर्बान शब्द गेला तरी त्याचे काम चालूच आहे. "ते अजून अंधारात आहेत, त्यांच्याशी माझा काय संबंध?" असे म्हणून जो मुलगा आईच्या आजारपणात गेला नाही, त्याने कुर्बान म्हटले. "मला मंडळीचे काम आहे, वेळ नाही," असे म्हणून ज्या उपदेशकाने वर्षभर बापाची भेट घेतली नाही, त्यानेही तेच म्हटले. शेताचा वाटा मागताना ज्याला बाप आठवतो, आणि दवाखान्याचा खर्च देताना ज्याला आपला नवा धर्म आठवतो, त्याच्याविषयी अधिक काय लिहावे? पौलाने तीमथ्याला लिहिले आहे की जो आपल्या घरच्यांची तरतूद करीत नाही, त्याने विश्वास नाकारिला आहे व तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट आहे (१ तीमथ्य ५:८). पुंडलिकाची गोष्ट सांगणारा शेजारी आपल्या आईचे पाय चेपीत असता, ख्रिस्ताचे नाव घेणारा जर आईला ओळख देत नसेल, तर पौलाचे ते वचन आपल्याच दारावर लिहिले आहे असे समजावे.

३. आज्ञा पाळणे व मान राखणे

ह्या दोन गोष्टी जवळच्या आहेत, पण एक नव्हेत. मूल लहान असते तेव्हा आईबापांचे ऐकणे हाच त्यांचा मान होय. म्हणून पौल इफिसकरांस लिहिताना मुलांनी प्रभूमध्ये आईबापांच्या आज्ञेत राहावे असे सांगतो. प्रभूचे स्वतःचे उदाहरण आपणांपुढे आहे. तो बारा वर्षांचा असता मंदिरात गुरुजनांमध्ये बसला होता, आणि त्याच्या बुद्धीने सर्व थक्क झाले होते. तरी तो योसेफ व मरीया ह्यांच्याबरोबर नासरेथास परत गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला (लूक २:५१). ज्या आईबापांस त्याचे बोलणे समजले नव्हते, त्यांच्याच आज्ञेत तो राहिला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपल्या खेड्यांत ह्याची फार गरज आहे. निरक्षर बापाने उन्हातान्हात मजुरी करून, आईने पोटाला चिमटा घेऊन मुलास शाळेत घातले. मुलगा शिकला, नोकरीस लागला; आणि आता सोबत्यांपुढे बापाचे धोतर व आईची बोली ह्यांची त्याला लाज वाटते. अशा मुलाने योसेफाकडे पाहावे. तो मिसर देशाचा कारभारी झाला होता. मिसरी लोकांस मेंढपाळांचा विटाळ वाटे (उत्पत्ति ४६:३४). तरी त्याने आपल्या मेंढपाळ बापास मागच्या दाराने आणिले नाही. फारोपुढे नेऊन उभे केले, आणि त्या १३० वर्षांच्या म्हाताऱ्याने फारोला आशीर्वाद दिला. ह्याला मान राखणे म्हणतात.

मूल मोठे झाले, त्याचे लग्न झाले, म्हणजे प्रत्येक बाबतीत आज्ञा पाळण्याचा काळ संपतो. पुरुष आईबापांस सोडून आपल्या स्त्रीशी जडून राहील, असे शास्त्रच म्हणते (उत्पत्ति २:२४). परंतु सोडणे म्हणजे टाकणे नव्हे. मान राखण्याचा काळ आईबाप जिवंत आहेत तोवर संपत नाही. उलट ते थकतात तेव्हाच तो खरा सुरू होतो. आई म्हातारी झाली म्हणजे तिला तुच्छ मानू नये, असे नीतिसूत्रे २३:२२ येथे मुद्दाम सांगितले आहे. कारण तिच्या हातून काम होते तोवर तिला सर्वच विचारितात.

४. आईबाप ख्रिस्ती नसतील तर?

हा आपल्यातील पुष्कळांचा खरा प्रश्न आहे. बाप म्हणतो, "कुळाचार चालव, देवाला बोकड दे, नाही तर माझ्या घरात पाऊल टाकू नको." तेथे काय करावे? प्रभूने सांगितले आहे की जो आपल्यापेक्षा बापावर किंवा आईवर अधिक प्रीती करितो, तो आपणास योग्य नाही (मत्तय १०:३७). पौलानेही 'प्रभूमध्ये' हा शब्द व्यर्थ घातलेला नाही. देवाची आज्ञा मोडण्यास आईबाप सांगतील, तर तेथे त्यांची आज्ञा पाळता येत नाही. हेच इतर पापांसही लागू आहे. १८ वर्षांच्या आतील मुलीचे लग्न लावावयास वडील सांगू लागले, तर २००६ च्या कायद्याने ते मना आहे, आणि त्या मुलीवर तो अन्यायही आहे. तेथेही 'नाही' म्हणणे हेच कर्तव्य होय.

परंतु 'नाही' म्हणण्याचीही एक रीत आहे. गिदोनाची गोष्ट पाहा (शास्ते ६:२५-३२). त्याच्या बापाची बआलाची वेदी होती, आणि ती पाडण्याची त्याला देवाकडून आज्ञा झाली. त्याला विशेष आज्ञा झाली होती, तेव्हा दुसऱ्याच्या देवघरास हात लावण्याची मोकळीक ह्यातून कोणी काढू नये. सकाळी गावचे लोक गिदोनाचा जीव घेण्यास आले, तेव्हा त्याच्या बाजूने कोण उभा राहिला? ज्याची वेदी पडली होती तो त्याचा बाप योवाशच. बआल जर देव असेल तर त्याने स्वतःच आपला कैवार घ्यावा, असे त्याने लोकांस सांगितले. बापाचे अंतःकरण कसे असते ते ह्यावरून दिसते. आपल्या विश्वासावर रागावलेला बाप आपला वैरी असतोच असे नाही. त्याची भीती दुसरीच असते: भावकी काय म्हणेल, म्हातारपणी मला कोण पाहील, मेल्यावर माझे कोण करील? ह्यांतील पहिल्या भीतीवर आपला फारसा इलाज नाही. दुसरीवर मात्र आहे, आणि तो शब्दांनी नव्हे तर वागण्याने करावयाचा आहे.

पंडिता रमाबाई ह्यांचे उदाहरण आपल्याच देशातले आहे. त्यांचा जन्म १८५८ साली झाला. त्यांच्या आई लक्ष्मीबाई ह्यांनी त्यांना संस्कृत शिकविले. पुढे दुष्काळात आईबाप दोघेही उपासमारीने गेले. ते अखेरपर्यंत हिंदु धर्मातच होते. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. त्यानंतर चार वर्षांनी, १८८७ साली, अमेरिकेत त्यांचे उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांच्या स्थितीवरील इंग्रजी पुस्तक निघाले. ते त्यांनी आपल्या आईच्या स्मृतीस अर्पण केले, आणि आपल्या जीवनास प्रकाश व मार्गदर्शन तिच्याकडूनच मिळाले असे तेथे कबूल केले. पंथ बदलला म्हणून आईचे ऋण फिटत नाही, हे त्या बाईंनी परक्या देशातील लोकांसमोर सांगितले. आपणांस ते आपल्या गावासमोर सांगता येणार नाही काय?

५. हे प्रत्यक्ष कसे करावे?

पहिली गोष्ट, आईबापांचा भाग आपल्या मिळकतीत आधी काढून ठेवावा; उरले तर देऊ असे म्हणू नये. भारतात २००७ सालापासून एक कायदा आहे. ज्या वृद्ध आईबापांस स्वतःचा निर्वाह करिता येत नाही, ते त्या कायद्याखाली मुलांकडून निर्वाहाची रक्कम मागू शकतात. परंतु ख्रिस्ती माणसाच्या आईला सरकारी कचेरीची पायरी चढावी लागली, तर हुकूम होण्यापूर्वीच तो मुलगा हरला. शिवाय कायदा पैसा देववितो, वजन देववीत नाही.

दुसरी, भेटीस जावे. पुण्यामुंबईस राहणाऱ्या मुलास मोबाईलवरून पैसे पाठविणे आता घटकाभराचे काम झाले आहे. पण मोबाईलवरून कोणाच्या पाठीवर हात फिरविता येत नाही. वर्षातून एकदा आला, पिशव्या ठेविल्या आणि निघाला, असे न करिता ओसरीवर बसावे, बापाची तीच ती गोष्ट पुन्हा ऐकावी, त्याचा सल्ला विचारावा. सल्ला मानता आला नाही तरी विचारिल्याने वजन दिले जाते.

तिसरी, त्यांच्या देवांविषयी व रीतींविषयी टवाळीचा शब्द काढू नये. तीर्थ नाकारिता येते, प्रसाद नाकारिता येतो. पण आईने पुढे केलेला पाण्याचा तांब्या नाकारू नये.

चौथी, बाप व्यसनी असेल तर दारूसाठी पैसा देऊ नये. धान्य, औषध व पांघरूण द्यावे. पाप झाकणे म्हणजे मान राखणे नव्हे, पण चारचौघांत बापाचे पाप बोलून दाखविणे हेही नव्हे.

पाचवी, मृत्यूविषयी. पिंडदान व श्राद्ध आपणांस करिता येत नाही. परंतु हे स्मशानात सर्वांदेखत सांगण्याची वेळ येऊ देऊ नये. आईबाप जिवंत असतानाच, शांतपणे, भावांच्या समक्ष सांगावे : "ही एक गोष्ट माझ्याने होणार नाही, पण तुमचे आजारपण, तुमचा खर्च, तुमची उठबस माझ्याकडे." मग वेळ येईल तेव्हा आपला खांदा सर्वांच्या आधी पुढे असावा. ज्याने दहा वर्षे सेवा केली, त्याने एक विधी केला नाही म्हणून गाव थोडे दिवस बोलते. ज्याने सेवाच केली नाही, त्याने विधी नाकारिला तर गाव जन्मभर बोलते, आणि ते खरेच बोलते.

सुनांविषयीही एक शब्द. मुलाच्या मानाचा भार पुष्कळदा सुनेच्या हातांवर पडतो. नवरा आज्ञा सांगतो आणि म्हातारीचे धुणेपाणी बायकोने करावे अशी अपेक्षा धरितो. आज्ञा मुलाला आहे. आईचे अंथरूण त्यानेही घालावे.

६. आईबापांनो, तुम्हीही

पौलाने मुलांस सांगून झाल्यावर बापांसही सांगितले आहे की आपल्या मुलांस चिरडीस आणू नका. जो बाप मुलांदेखत आपल्या म्हाताऱ्या आईला टाकून बोलतो, तो आपल्याच म्हातारपणाचा पाठ मुलांकडून घोकून घेत असतो. लेकरे उपदेश विसरतात, पण ओसरीवर पाहिलेले विसरत नाहीत.

शेवटी वधस्तंभाकडे पाहू. जगाच्या तारणाचे काम त्या घटकेस चालले होते. ह्याहून मोठे देवाचे काम कधी झाले नाही. 'मी देवाच्या कामात आहे, आता आईकडे पाहण्यास वेळ नाही,' असे म्हणण्याचा अधिकार जर कोणास असता, तर तो प्रभूला त्या दिवशी होता. तरी त्याने आईकडे पाहिले, आणि आपल्या प्रिय शिष्याच्या हाती तिला सोपविले. आणि त्या वेळेपासून त्या शिष्याने तिला आपल्या घरी ठेविले (योहान १९:२६-२७). हातास खिळे ठोकलेले असताही ज्याने कुर्बान म्हटले नाही, त्याचे आपण शिष्य आहो. ज्यांचे आईबाप जिवंत आहेत, त्यांनी हा पाठ वाचून झाल्यावर पत्र बाजूस ठेवावे आणि आजच त्यांच्याकडे जावे.

उपदेशकांनी वर्गात विचारावयाचे प्रश्न

१. पाचवी आज्ञा मोठ्या माणसांस लागू आहे हे कशावरून?
२. कुर्बान म्हणणाऱ्याचे पाप साध्या कृतघ्नपणाहून भारी का?
३. आज्ञा पाळणे व मान राखणे ह्यांत भेद काय?
४. आईबापांस 'नाही' म्हणावे लागले, तर ते कोणत्या रीतीने म्हणावे?
५. आपल्या मंडळीत कोणाचे वृद्ध आईबाप एकटे राहतात? त्यांच्याकडे ह्या आठवड्यात कोण जाईल?

आठवड्याचे घरगुती वाचन

सोमवार, निर्गम २०:१-१७. मंगळवार, उत्पत्ति ४७:१-१२. बुधवार, रूथ १. गुरुवार, शास्ते ६:२५-३२. शुक्रवार, लूक २:४१-५२. शनिवार, मार्क ७:१-१३. रविवार, योहान १९:२५-३०.